‘जमतं’चं भाषांतर

पहिला प्रश्न बोलण्याचा होता आणि त्याचं उत्तर मी दिलं.

“माताजी, बोलने में कोई दिक्कत?” असं त्या तरुण लेडी डॉक्टरनं माझ्या बायकोला विचारलं होतं. बायकोनं ओठ उघडले, जीभ जरा हलवून पाहिली, आणि तिचा शब्द बाहेर यायच्या आत मी म्हणालो, “नहीं नहीं, बोलने में बिल्कुल ठीक हैं.” डॉक्टरनं शून्यावर गोल केला. शून्य म्हणजे काही त्रास नाही, तीन म्हणजे सगळ्यात जास्त. त्या दिवशी त्या खोलीत मीच बोललो आणि पुढे कितीतरी भेटींत मीच बोलत राहिलो.

हे आता लिहायचं कारण असं. गेल्या हिवाळ्यापासून मी गाझियाबादला मुलीकडे राहतो आणि बायको आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये राहते. आमच्या सोसायटीत, मराठी मंडळात आणि पुण्याच्या नातेवाइकांत याची एक गोष्ट तयार झाली आहे. पंचाहत्तरी उलटलेल्या नवऱ्याला बाईनं घराबाहेर काढलं. आजारपणानं डोकं फिरलं. त्या स्टेरॉइडनं माणसं अशी होतात म्हणे. मंडळातले एक गृहस्थ मला फोनवर म्हणाले, “तुम्ही इतकं केलंत हो वहिनींचं, आणि शेवटी हे!” मी “चालायचंच” असं काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं की मी पुन्हा तेच केलं होतं. तिच्या वतीनं बोललो होतो आणि चुकीचं बोललो होतो. ज्यांना ही गोष्ट पुढे सांगायची असेल त्यांनी ती निदान खरी सांगावी, म्हणून हे लिहितो.

बायकोच्या आजाराला मायस्थेनिया म्हणतात. नस हुकूम देते, पण स्नायूपर्यंत तो पुरता पोचत नाही. शक्ती असते, वापरली की संपते, विश्रांती घेतली की थोडी परत येते. सकाळी भेटलेल्या माणसाला वाटावं, हिला काय झालंय? संध्याकाळी त्याच बाईची डावी पापणी अर्ध्यावर आलेली असते, हनुवटी हातावर टेकलेली असते आणि आवाज नाकात गेलेला असतो. सुरुवात झाली तेव्हा आम्ही दोघं चहा घेत होतो. ती म्हणाली, “अहो, मला दोन-दोन कप दिसतायत.” मी म्हणालो, “मग एक मला दे.” ती हसली. पण तिचं हसू बदललं होतं. वरचा ओठ उचलला जायचा आणि ओठांचे कोपरे तसेच राहायचे, त्यामुळे दात दाखवून रागावल्यासारखं दिसायचं. मला वाटायचं ही माझ्यावर चिडली आहे. “एवढं चिडायला काय झालं?” असं मी तिच्या हसण्याला कितीदा तरी विचारलं असेल. ते हसणंच होतं आणि आजारात ते असंच दिसतं, हे मला डॉक्टरांनी फार उशिरा सांगितलं.

डोळ्यांचे डॉक्टर झाले, कान-नाक-घशाचे झाले, मग कुणीतरी योग्य ठिकाणी पाठवलं. तिथे रक्ताचा तपास होता, विजेचे झटके देऊन स्नायू तपासणं होतं. त्यातून रोग कळतो. त्या रोगासकट माणूस दिवस कसा काढतो ते कळत नाही. त्यासाठी दर भेटीला आठ प्रश्न असायचे. बोलणं, चावणं, गिळणं, श्वास, दात घासणं आणि केस विंचरणं, खुर्चीतून उठणं, दोन-दोन दिसणं, पापणी पडणं. प्रत्येकाला शून्य ते तीन. सगळी गंमत मधल्या दोन आकड्यांत होती. केस विंचरता येतात, पण कष्ट पडतात तर एक. मध्येच हात खाली घेऊन थांबावं लागतं तर दोन. या सगळ्याच्या बेरजेवर गोळ्या वाढवायच्या की आहेत तशा ठेवायच्या, दाखल करायचं की घरी पाठवायचं, हे ठरायचं.

मला पहिल्या भेटीत हा प्रकार पोरकट वाटला. एवढ्या मोठ्या रुग्णालयात केस विंचरण्याबद्दल काय विचारतात? नोकरीत माझं आयुष्य राज्यांकडून आलेले प्रगतीचे अहवाल एकत्र करून वर पाठवण्यात गेलं. आकडा काय असावा हे आधी ठरतं आणि मग तो तसा येतो, एवढं मी त्या कामातून शिकलो होतो. हे शिक्षण मी घरी आणलं.

दुभाषा म्हणून मी तिच्याबरोबर आत जायचो. ‘हिला हिंदी येत नाही’ हा आमच्या घरातला जुना विनोद होता आणि तो मी मंडळाच्या कार्यक्रमांत नेहमी करायचो. लग्न होऊन दिल्लीत आली तेव्हा ती भाजीवाल्याला म्हणायची, “भैया, भेंडी कोवळी है क्या?” भैया म्हणायचा, “कौन वाली?” हे मी इतक्या वेळा सांगितलं की पुढे ती बाहेर माझ्यादेखत हिंदी बोलेनाशीच झाली.

तर त्या पहिल्या भेटीत केसांचा प्रश्न आला.

“बाल ख़ुद बना लेती हैं, माताजी?”

ही म्हणाली, “जमतं.”

“क्या जमता है? दही?” डॉक्टर हसायला लागली. मी हसलो. ही पण हसली, तिचं ते नवीन हसू. मग मी समजावून सांगितलं, “जमतं मतलब कर लेती हैं.”

“अच्छा, कर लेती हैं,” असं म्हणत डॉक्टरनं शून्यावर गोल केला.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. ‘करते’ म्हणजे करते. ‘जमतं’ म्हणजे आधी बरंच काही होऊन गेलेलं असतं. ती जेवणाच्या टेबलाशी बसायची, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवायची आणि हात वर उचलण्याऐवजी डोकं खाली न्यायची. चार-पाच वेळा फणी फिरवली की हात टेबलावर ठेवून बसायची. मग परत. वेणी घालणं तिनं सोडलंच होतं, त्याऐवजी मोठा चाप लावायची. हे सगळं माझ्यासमोर व्हायचं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी पेपर वाचत असायचो. कधी “आवर लवकर, मला टेबल पुसायचंय” असंही म्हटलं असेल. मला त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर माहीत होतं. ते दोन होतं.

मग मी असं का केलं? मला हे कुणी विचारलेलं नाही, पण सांगितलं पाहिजे.

महाराष्ट्रातून दिल्लीला कामासाठी आलेली माणसं बहुधा कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात उतरतात. कुणाची फाइल अडकलेली, कुणाची मुलाखत, कुणाच्या मुलाची परीक्षा. माझं ऑफिस तिथून जवळ होतं. दुपारी मी तिकडे चक्कर मारायचो, ओळखी निघायच्या, आणि मी म्हणायचो, “इथे कसले जेवताय? संध्याकाळी घरी या. घडीच्या पोळ्या खायला घालतो.” घालतो, असंच म्हणायचो. जन्मात मी पोळी लाटलेली नाही. ‘दिल्लीत उतरायचं तर यांच्याकडेच’ असं माझ्याबद्दल नागपूर-कोल्हापूरपर्यंत बोललं जायचं. निवृत्त झाल्यावर बाकी सगळं गेलं, एवढंच राहिलं. ऑफिसात शिपाई ओळखेनासे झाले, पण सदनातल्या कुणाला तरी घेऊन मी मेट्रोनं द्वारकेला यायचो आणि दारातून हाक मारायचो, “अगं, चौघं आहोत जेवायला!” आतून उत्तर यायचं, “जमेल.”

बेरीज वाढली असती तर डॉक्टर म्हणाले असते, स्वयंपाक बंद, पाहुणे बंद, विश्रांती. मग माझ्याकडे काय राहिलं असतं? तेव्हा मी स्वतःला वेगळं कारण देत होतो. आकडा वाढला की स्टेरॉइड वाढवतील, तिचं तोंड सुजेल, साखर वाढेल. हे कारण खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला इतकं उपयोगी पडलं.

इथपर्यंतच्या गोष्टीत काहींना माझी दया येईल. नवऱ्याच्या लक्षात आलं नसेल, बायकांचं ‘जमतं’ कुणाला कळतं, असं म्हणून माणसं सोडून देतील. पण एका भेटीला ती ‘जमतं’ म्हणाली नव्हती.

थंडी सुरू झाली होती. गिळण्याचा प्रश्न आला. “खाना निगलने में, माताजी?” मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि डॉक्टरकडे बघून मराठीतच म्हणाली, “पाणी नाकातून येतं. पोळी गिळायला घोट घेतला की तो नाकातून बाहेर येतो.” जरा थांबली. आवाज विरत चालला होता. “नाही जमत मला आता.”

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं.

“कभी-कभी ठसका लग जाता है,” मी म्हणालो. “शाम को थोड़ा थक जाती हैं.”

एकावर गोल झाला. तिनं माझ्या मनगटावरचा हात काढून घेतला. परत येताना टॅक्सीत मी म्हणालो, “अगं, दाखल करून घेतलं असतं त्यांनी तुला लगेच. परवा दादा-वहिनी येतायत.” तिनं डोळे मिटले. मला वाटलं, पापणी पडली.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो आणि वहिनी आठवडाभर राहायला आले. मी त्यांना दिल्ली दाखवली. ही घरी होती. तिला सर्दी झाली, मग खोकला. पोळ्या ती ओट्याशी स्टूल घेऊन बसून करायला लागली. दादाला याचं कौतुक वाटलं, “बघ, बसून का होईना, पण गरम पोळी वाढते.” मीही त्या कौतुकात सामील झालो. एका दुपारी वहिनींनी स्वयंपाकघरातून हाक मारली. ही स्टुलावरच होती, कपाळ ओट्यावर टेकलेलं, लाटणं हातातून सुटून खाली पडलेलं. मान उचलता येत नव्हती. श्वास वरच्यावर चालला होता. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण नुसती हवा येत होती. चाळीसहून जास्त वर्षं ती मला ‘अहो’ म्हणत आली. त्या दिवशी तिला तेवढंही म्हणता आलं नाही.

रुग्णालयात तिच्या घशात नळी घातली आणि तिला श्वास देणाऱ्या यंत्रावर ठेवलं. मुलगी गाझियाबादहून धावत आली. मोठे डॉक्टर फेरीला आले तेव्हा आम्ही दोघं पलंगाच्या पायाशी उभे होतो. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं, “पिछली बार तो स्कोर कम था. इतना अचानक कैसे?”

मी म्हणालो, “बताती ही नहीं हैं, डॉक्टर साहब. सब सह लेती हैं. पूछो तो बस एक ही शब्द, जमतं.”

बायको जागी होती. या आजारात ऐकू येणं कुठे जात नाही, डोकं तर अगदी लख्ख असतं. नळी ओढू नये म्हणून हात मऊ पट्टीनं बांधलेले होते. एक डोळा अर्धा, एक पुरता उघडा, आणि दोन्ही माझ्याकडे.

बाहेर वहिनी रडत होत्या. “फार सोशिक हो, फार सोशिक.” मुलगी दिल्लीतच वाढलेली. तिनं मला विचारलं, “बाबा, सोशिक म्हणजे?” मी सांगितलं, “त्रास झाला तरी बोलायचं नाही, तसलं.”

“ही काय चांगली गोष्ट आहे?” मुलगी म्हणाली. “यार, मरता मरता वाचलीय ती!”

त्या दिवसापासून ‘सोशिक’ हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा राहिला. बायको यंत्रावरून निघाली, रक्तातून द्यायची औषधं झाली, हळूहळू आवाज परत आला. आवाज आल्यावर मुलीनं तिच्यासमोर बसून पहिलं वाक्य म्हटलं ते हे: “आई, एकदा, फक्त एकदा बोलायचं ना गं!” बायकोनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पाण्याचा ग्लास भरायला उठलो.

पुढची तीन वर्षं मुलगीच तिला दवाखान्यात न्यायची आणि मला बाहेरच्या बाकावर बसवायची. मला सुटल्यासारखं वाटलं. आत काय चालायचं ते दार उघडं असलं की ऐकू यायचं.

“उठने में, माताजी?”

“जमतं.”

“नहीं डॉक्टर, इनकी मत सुनिए,” मुलगी म्हणायची. “दो लिखिए. तीन भी चलेगा.”

मी आकडे खाली ओढले होते, आता पोरगी ते वर ढकलत होती. बिचारी घाबरलेली होती. पण तोवर औषध लागू पडलं होतं आणि बायकोला खरंच पुष्कळ जमायला लागलं होतं. सकाळची गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासानं तिच्या हातात जीव यायचा. न थांबता केस विंचरून व्हायचे. दोघांपुरत्या पोळ्या व्हायच्या. त्या तिला करायच्याही होत्या, कारण तिच्या हातची पातळ, मऊ पोळी तिला चावता येते आणि मुलीनं ठेवलेल्या दिवसभराच्या बाईची जाड रोटी चावता चावता जबडा थकतो. हे तिनं सांगून पाहिलं. त्या बाईनं पोळपाट वरच्या फळीवर ठेवून दिला आणि म्हणाली, “आंटी, दीदी ने मना किया है.” बायको रोटी आमटीत कुस्करून खायला लागली. मुलीला वाटलं, चावता येत नाही. चावण्याला दोन.

मी हे सगळं पाहत होतो. एका वाक्यानं ते थांबलं असतं आणि ते वाक्य फक्त मलाच सांगता येण्यासारखं होतं.

मग मुलीनं ठरवलं, आईला गाझियाबादला न्यायचं. दोघांनाही, पण मुख्य आईला. रविवारी दुपारी ती आणि जावई रिकामी खोकी घेऊन आले. जावई गाझियाबादचेच, हिंदी बोलणारे, मनानं फार चांगले. त्यांनी आल्या आल्या चाप, फण्या, गोळ्यांचे डबे असं काय काय एका ठिकाणी मांडायला घेतलं.

बायको खुर्चीत बसली होती. म्हणाली, “मी नाही येणार. मला इथे जमतं.”

“आई, प्लीज.” मुलगी हातातली चिकटपट्टी फाडत होती. “तुझं जमतं मला माहितीय. व्हेंटिलेटरपर्यंत जमतच होतं तुला.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. विनवणी वगैरे नव्हती त्यात. बसची वाट पाहणारा माणूस अधूनमधून रस्त्याच्या टोकाकडे बघतो, तसं. तीन वर्षं ती मधूनमधून माझ्याकडे अशीच बघत आली होती.

मी म्हणालो, “तिनं सांगितलं होतं.”

“काय?”

“पाणी नाकातून येतं, असं. गिळता येत नाही. नाही जमत, असं म्हणाली होती. दादा यायच्या आधीच्या भेटीला, डॉक्टरसमोर.”

“मग डॉक्टरनं काहीच का नाही केलं?”

“मराठीत म्हणाली होती,” मी म्हणालो. “मी हिंदीत सांगितलं नाही.”

मुलीनं चिकटपट्टी खाली ठेवली. “काय सांगितलंत?”

“कधीकधी ठसका लागतो, म्हणून.”

“आणि आयसीयूत? बताती ही नहीं, सब सह लेती हैं... तुम्ही आईच्या समोर बोललात ते! मी तिथे उभी होते, बाबा!” तिचा आवाज चढला. “तीन वर्षं मी हिला काय काय बोलले. तुमच्यासमोर बोलले. तुम्ही पाणी आणायला उठायचात!”

मला वाटलं नव्हतं की तिला ते पाणी लक्षात असेल.

मग ती आईकडे वळली. “आणि तू? तू मला का नाही सांगितलंस?”

बायको म्हणाली, “हे सांगतील म्हणून थांबले.” जरा दम घेतला. “आणि मला हिंदी येते. सगळी येते. ठसका लग जाता है.” माझ्या आवाजाची तिनं अशी हुबेहूब नक्कल केली की दुसरी कुठली वेळ असती तर मी हसलो असतो.

“बस झालं,” मुलगी म्हणाली. “मग तर मी तुला इथे एक मिनिट ठेवणार नाही. बिल्कुल नाही. चल तू.”

बायकोनं तळहात वर केला. दुपारच्या गोळीची वेळ होत आली होती, आवाज नाकात चालला होता, पण कुणी तिच्यासाठी बोललं नाही. पहिल्यांदाच आम्ही सगळे थांबलो.

“मी इथे राहते,” ती म्हणाली. “इथे मला जमतं.” थांबली. “यांच्याशी जमत नाही.”

जावई खोकं हातात धरून उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, “क्या कहा मम्मीजी ने?”

मुलगी माझ्याकडे वळली. “सांगा ना बाबा. भाषांतर तुम्हीच करता.”

मी दोन्ही वाक्यं मनात एकदा नीट फिरवून घेतली. ‘थोड़ा नाराज़ हैं’ असं काहीतरी अगदी जिभेवर होतं. सवय होती. मग मी म्हणालो, “कह रही हैं, यहाँ रह लेंगी. मेरे साथ नहीं रह सकतीं.”

माझी तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. पण ती म्हणाली, “बरोबर.”

त्या खोक्यांत मग माझे कपडे गेले.

मी गाझियाबादेत आहे त्याची एवढीच हकीकत आहे. तिनं भांडण केलं नाही, डोकं फिरलेलं नाही, स्टेरॉइडचा काही संबंध नाही. सकाळपुरती एक बाई येते, ती पोळपाट खाली काढून देते. पोळ्या ही करते. मुलगी आठवड्यातून दोनदा जाते. मी मुलीच्या घरी नातवाच्या खोलीत झोपतो आणि मुलगी माझ्याशी बोलते तेव्हा दुसरीकडे बघून बोलते. माझं तिच्याशी किती जमेल, हे मला अजून माहीत नाही.

मागच्या भेटीला त्या दोघींबरोबर मलाही जावं लागलं, कारण जुने काही कागद माझ्याकडे होते. कागद देऊन मी बाहेरच्या बाकावर बसलो. दार अर्धं उघडं होतं. नवीन कुणीतरी डॉक्टर होता.

“बोलने में कोई दिक्कत?”

आत शांतता. इतका वेळ की माझेच ओठ हलले. मुलगीही बोलली नाही. मग बायकोचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखा. “सुबह ठीक. शाम को नाक से आता है. लोग समझ लेते हैं, अगर रुकें तो.”

त्यानं किती लिहिले ते मला कळलं नाही. बाहेर आल्यावर ती माझ्यासमोर थांबली, भिंतीला एक हात लावून.

“मंडळात काय सांगितलंत?”

“अजून काही नाही.”

“मला फोन येतात त्यांचे,” ती म्हणाली. “समजूत घालायला. नवऱ्याला परत बोलवा म्हणून.”

“लिहून देतो मी,” मी म्हणालो. “सगळ्यांना.”

तिनं मान हलवली. दम घेतला. “लिहा. पण मी जे म्हणाले ते आहे तसं लिहा.”

मुलीनं गाडी दारापर्यंत आणली. त्या दोघी द्वारकेला गेल्या आणि मी मेट्रो स्टेशनवर, गाझियाबादकडे वैशालीला जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर जाऊन उभा राहिलो. समोरच्या फलाटावर द्वारकेची गाडी आली. इतकी वर्षं मी पाहुण्यांना घेऊन त्याच बाजूला चढत आलो होतो, त्यामुळे पाय आपोआप तिकडे वळायला बघत होते. माझी गाडी यायला वेळ होता.

ती जे म्हणाली ते वर लिहिलं आहे, आहे तसं.